विंडोज आवृत्त्यांविषयीच्या अटकळी

मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या विंडोज या संगणक प्रणालीची पुढची आवृत्ती जाहीर होण्यापूर्वी तिचे नाव, मुहूर्त, रूप आणि यंत्रविषयक अटी यांबाबत बांधले जाणारे तर्क. या तर्कांत तीन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ पूर्वीपासून होत आली आहे : विक्रीचे नाव, प्रणालीच्या पोटातील आवृत्तिक्रमांक आणि बिल्ड क्रमांक, म्हणजे संकलित केलेल्या प्रत्येक प्रतीचा (बिल्डचा) क्रमांक. विंडोज ७ चा आतला क्रमांक ६.१, विंडोज ८ चा ६.२ आणि ८.१ चा ६.३ होता, विंडोज ११ चा आजही १०.० आहे. बिल्ड क्रमांक व शाखा (विकासाचा स्वतंत्र प्रवाह) पाहून केलेले अंदाज बऱ्याच अंशी खरे ठरले आहेत, नाव आणि मुहूर्त यांचे अनेकदा फसले आहेत.

सांकेतिक नावे : विंडोज ९५ चे शिकागो, ९८ चे मेम्फिस, एक्सपीचे व्हिस्लर, व्हिस्टाचे लाँगहॉर्न. व्हिस्लर व ब्लॅककोम हे कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील शेजारशेजारचे पर्वत असून लाँगहॉर्न हा त्यांच्या पायथ्याचा मद्यालय-थांबा. एक्सपीनंतरची मोठी झेप ब्लॅककोम या नियोजित आवृत्तीची आणि लाँगहॉर्न हा केवळ वाटेतला विसावा, असा या नावांचा मूळ अर्थ. प्रत्यक्षात विसावाच लांबला. एक्सपी ऑक्टोबर २००१ मध्ये आली आणि व्हिस्टा सर्वसामान्य ग्राहकांना ३० जानेवारी २००७ रोजी मिळाली. मधल्या काळात, २००३ च्या चाचणी बिल्डांवरून ‘विनएफएस’ या नव्या संचयपद्धतीविषयी बरेच भाकीत केले गेले. ती ऑगस्ट २००४ मध्ये वगळण्यात आली. चाचणी बिल्डात दिसलेली सोय अंतिम प्रणालीत असेलच असे नाही, याचे हे ठळक उदाहरण होय.

बिल्ड क्रमांकाचे वाचन : २१९९६.१.२१०५२९-१५४१.सीओ_रिलीज ही अक्षरमाला घ्यावी. यातील २१९९६ हा बिल्ड क्रमांक आणि १ ही त्यावरील दुरुस्तीची संख्या. पुढचे सहा अंक वर्ष, महिना, दिवस या क्रमाने संकलनाचा दिनांक देतात, म्हणजे २९ मे २०२१. त्यानंतरचे चार अंक वेळ, १५ वाजून ४१ मिनिटे. शेवटी शाखेचे नाव. शाखांना काही काळापासून मूलद्रव्यांची नावे अणुक्रमांकानुसार दिली गेली : लोह, कोबाल्ट, निकेल, तांबे, जस्त, गॅलियम, जर्मेनियम. वरील ‘सीओ’ म्हणजे कोबाल्ट. क्रोमियमची पाळी मात्र चुकवली गेली आणि त्या जागी व्हायब्रेनियम हे काल्पनिक धातूचे नाव आले. क्रोमियम याच नावाच्या ब्राउझर प्रकल्पाशी घोटाळा होऊ नये, हे त्याचे कारण दिसते.

अद्ययावतीकरण केवढे आहे हेही क्रमांकच सांगतो. विंडोज १० च्या १९०४१ पासून १९०४५ पर्यंतच्या बिल्डांचा गाभा एकच. नव्या सोयी मासिक दुरुस्त्यांतून आधीच यंत्रावर येऊन निद्रिस्त पडलेल्या असतात आणि एक छोटे सक्षमीकरण पॅकेज त्या जाग्या करते. विंडोज ११ मध्ये २२६२१ वरून २२६३१ आणि २६१०० वरून २६२०० या पायऱ्याही अशाच. अशा वेळी एखाद्या रीस्टार्टमध्ये काम भागते. याउलट २२६३१ वरून २६१०० वर जाताना पूर्ण प्रणालीची अदलाबदल होते, जुनी प्रत ‘विंडोज.ओल्ड’ या फोल्डरमध्ये जाते आणि कित्येक जीबी जागा अडते. शाखा बदलली नसेल तर नव्या आवृत्तीत क्रांतिकारक काही असण्याची अपेक्षा धरू नये.

विंडोज ९ चा प्रश्न : ८.१ नंतरच्या आवृत्तीला सप्टेंबर २०१४ पर्यंत बहुतेक वार्तांकनात विंडोज ९ असेच म्हटले जात होते. सांकेतिक नाव थ्रेशोल्ड. ३० सप्टेंबर २०१४ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे कंपनीच्या विंडोज विभागाचे तत्कालीन प्रमुख टेरी मायरसन यांनी विंडोज १० हे नाव जाहीर केले. नव्या प्रणालीचे स्वरूप पाहता तिला ९ म्हणणे योग्य ठरणार नाही, अशा आशयाचा खुलासा त्यांनी केला. त्यावर समाधान न झाल्याने इतर उपपत्ती पुढे आल्या. जपानमध्ये ९ हा अंक अशुभ मानतात म्हणून तो टाळला, ही त्यांपैकी सर्वांत दुबळी, ८.१ हीच खरी नववी आवृत्ती, ही दुसरी.

सर्वाधिक पसरली ती तिसरी. अनेक जुन्या प्रोग्रॅमांत विंडोज ९५ व ९८ ओळखण्यासाठी प्रणालीच्या रोमन नावाची पहिली नऊ अक्षरे, मधली मोकळी जागा धरून, ‘विंडोज ९’ अशी आहेत काय एवढेच पाहिलेले असते. नव्या प्रणालीचे नाव तेच ठेवले असते तर असे प्रोग्रॅम तिला १९९५ ची समजून चुकीच्या वाटेने गेले असते, असा हा युक्तिवाद. अशा ओळी खरोखरच अस्तित्वात होत्या. जाव्हा भाषेतील मुक्त प्रकल्पांत त्या सहज सापडल्या. मात्र त्यांचा आवाका तपासून पाहावा लागतो. सी किंवा सी++ मधला प्रोग्रॅम विंडोजला आवृत्ती विचारतो तेव्हा त्याला नाव मिळत नाही, आकडे मिळतात. ९५ साठी ४.०, ९८ साठी ४.१०, एमईसाठी ४.९० आणि या तिन्हींसाठी प्लॅटफॉर्म क्रमांक (प्रणालीच्या घराण्याचा क्रमांक) १. एनटी घराण्यातील, म्हणजे एक्सपी व त्यापुढच्या आवृत्त्या ज्यात येतात त्यातील, सर्व आवृत्त्यांचा प्लॅटफॉर्म क्रमांक २. नव्या प्रणालीचा आतला क्रमांक तेव्हा ६.४ होता. म्हणजे विक्रीचे नाव काहीही असते तरी ६.४ आणि २ हे आकडे पाहून ९५ चा भास होणे शक्य नव्हते.

जाव्हात प्रणालीचे नाव अक्षरांत मिळते हे खरे, पण ते विंडोजकडून येत नाही. जाव्हा रनटाइम (जाव्हा प्रोग्रॅम चालवणारे सॉफ्टवेअर) स्वतःच आकडे विचारतो आणि आपल्या तक्त्यातून नाव उचलतो. तक्त्यात नसलेल्या आवृत्तीला जुने रनटाइम ‘विंडोज एनटी (अज्ञात)’ असे काहीतरी म्हणत. तेव्हा घोटाळा होण्यासाठी रनटाइम नवा, त्याच्या तक्त्यात नेमके ‘विंडोज ९’ आणि वर चालणारा प्रोग्रॅम मात्र जुना, असा त्रिवेणी संगम जुळावा लागला असता. डब्ल्यूएमआय या विंडोजच्या माहिती पुरवणाऱ्या सोयीमार्फत मिळणाऱ्या पूर्ण नावाची सुरुवात ‘मायक्रोसॉफ्ट’ या शब्दाने होते. तेथे आरंभ तपासणारी ओळ फसत नाही, ‘नावात कोठेही आहे काय’ असे पाहणारी फसते.

शिवाय १० या आकड्याने स्वतःच्या अडचणी आणल्या. आवृत्ती अक्षरमाला म्हणून ताडली तर ‘१०.०’ हे ‘६.३’ च्या आधी येते, कारण तुलना पहिल्या अंकापासून होते. पहिला अंकच वाचणाऱ्या प्रोग्रॅमला आवृत्ती १ दिसते. तरीही नोव्हेंबर २०१४ च्या सुमारास आतला क्रमांक ६.४ वरून थेट १०.० करण्यात आला. पडझड टाळण्यासाठी रजिस्ट्रीतील (प्रणालीच्या मांडणीच्या नोंदींच्या कोशातील) ‘करंटव्हर्जन’ हे जुने मूल्य ६.३ वरच गोठवले आणि मुख्य व दुय्यम क्रमांकांसाठी दोन नवी अंकरूप मूल्ये जोडली. ज्या प्रोग्रॅमच्या मॅनिफेस्टमध्ये (सोबतच्या माहितीपत्रकात) विंडोज १० चा उल्लेख नाही त्याला आजही ६.२ किंवा त्याने घोषित केलेली जुनी आवृत्ती सांगितली जाते. सुसंगतीची धास्ती हेच मूळ कारण असते तर ६.४ कायम ठेवणे कितीतरी सोपे होते. या दृष्टीने नावाची झेप मुख्यतः व्यापारी, विंडोज ८ पासून अंतर दाखवण्यासाठी घेतलेली, हे मत अधिक ग्राह्य वाटते. याच गोठवणुकीचा एक अवशेष म्हणजे विंडोज ११ च्या रजिस्ट्रीतील ‘प्रॉडक्टनेम’ अजूनही विंडोज १० असेच वाचले जाते. या दोन प्रणाली वेगळ्या ओळखायच्या तर बिल्ड २२००० किंवा त्याहून अधिक आहे काय, हेच तपासावे.

विंडोज ११ : मे २०१५ मध्ये कंपनीच्या एका विकासक-प्रसारकाने विंडोज १० ही शेवटची आवृत्ती असल्याचे म्हटले होते आणि ते विधान कंपनीचे धोरण म्हणून अनेक वर्षे उद्धृत होत राहिले. २५ मे २०२१ रोजी कंपनीचे प्रमुख सत्या नाडेला यांनी विंडोजच्या पुढच्या पिढीचा उल्लेख केला. नंतर आलेल्या निमंत्रणचित्रात खिडकीतून जमिनीवर पडलेल्या उजेडात आडवी पट्टी नव्हती, त्यामुळे दोन उभे पट्टे उरून ११ दिसत होते; कार्यक्रमाची वेळही अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील सकाळी ११ ची. १५ जूनला वर उल्लेखिलेले २१९९६ बिल्ड फुटले (घोषणेआधीच बाहेर आले), २४ जूनला घोषणा झाली, ५ ऑक्टोबरला प्रणाली आली. मधोमध आलेला टास्कबार नवा नव्हता. मे २०२१ मध्ये गुंडाळलेल्या विंडोज १०एक्स या प्रणालीचा तो वारसा.

एवढे सगळे हाती असूनही सर्वांत दूरगामी गोष्ट चर्चेत मागे राहिली. लोक रंगरूप पाहत होते. टीपीएम २.० (किल्ल्या जपणारी सुरक्षाचिप), सिक्युअर बूट (केवळ विश्वसनीय प्रणालीच सुरू होऊ देणारी सोय), ४ जीबी स्मृती, ६४ जीबी साठवण आणि ढोबळमानाने इंटेलची आठवी पिढी किंवा पुढचा प्रोसेसर या अटींमुळे चालू स्थितीतली असंख्य यंत्रे बाद ठरली. पुष्कळ यंत्रांत टीपीएम असते पण फर्मवेअरमध्ये (यंत्र सुरू करणाऱ्या मूळ प्रणालीत) बंद असते. इंटेलच्या यंत्रांवर पीटीटी आणि एएमडीच्या यंत्रांवर एफटीपीएम या नावाने ते शोधावे. ते चालू करण्यापूर्वी बिटलॉकर (डिस्क कूटबद्ध करणारी सोय) तात्पुरते थांबवून त्याची रिकव्हरी की लिहून ठेवावी, नाहीतर पुढच्याच आरंभी ती मागितली जाते. जुन्या एमबीआर मांडणीच्या (विभागतक्त्याच्या जुन्या पद्धतीच्या) डिस्कवर सिक्युअर बूट चालत नाही. विंडोजमधील ‘एमबीआर२जीपीटी’ हे तिला नव्या जीपीटी मांडणीत बदलणारे साधन आधी पडताळणीच्या पर्यायाने चालवावे आणि मग रूपांतर करावे. डिस्कवर तीनपेक्षा अधिक प्राथमिक विभाग असल्यास ते नकार देते. रूपांतरानंतर फर्मवेअर यूईएफआय या नव्या पद्धतीवर न आणल्यास यंत्र सुरू होत नाही.

पुढील आवृत्ती : विंडोज १२ हे नाव अटकळींत सतत येते. हडसन व्हॅली या सांकेतिक नावाशी ते जोडले गेले होते; ते काम २०२४ मध्ये विंडोज ११ चीच २४एच२ आवृत्ती म्हणून बाहेर पडले. त्या आवृत्तीच्या फाइली उलगडून पाहणाऱ्यांनी पॉपकाउंट ही प्रोसेसरची एक अंगभूत आज्ञा नसलेल्या प्रोसेसरवर ती सुरूच होणार नाही, असे आधीच सांगितले होते आणि ते खरे ठरले.

चाचणी बिल्ड वापरताना : कॅनरी किंवा डेव्ह चॅनेलमधून (कच्च्या बिल्डांच्या चाचणीमार्गांतून) बाहेर पडायचे तर साधारणपणे प्रणाली कोरी बसवावी लागते, रिलीज प्रीव्ह्यूतून (जवळपास पक्क्या बिल्डांच्या मार्गातून) उतरणे त्या मानाने सोपे. चाचणी बिल्डाला मुदत असते. ‘विनव्हर’ ही आज्ञा चालवल्यावर ती दिसते. ती जवळ आली की इशारे येतात, उलटल्यावर यंत्र वरचेवर आपोआप रीस्टार्ट होते. मागे परतण्यासाठी साधारण १० दिवस मिळतात, मात्र डिस्क साफ करताना ‘विंडोज.ओल्ड’ पुसले गेल्यास तेही जातात. फुटलेल्या आयएसओची (प्रणाली बसवण्याच्या डिस्कप्रतिमेची) हॅश, म्हणजे फाइलवरून काढलेला ओळखअंक, जुळली म्हणजे ती फाइल अस्सल असे नव्हे, ती इतरांकडील प्रतीसारखी आहे एवढेच ठरते. हायपर-व्ही या आभासी यंत्रे चालवणाऱ्या सोयीवर चाचणी घ्यायची तर दुसऱ्या पिढीचे आभासी यंत्र, किमान २ प्रोसेसर, टीपीएमची खूण आणि अद्ययावत करण्यापूर्वी एक चेकपॉइंट (परत फिरण्यासाठी जपलेली स्थिती) हवा. प्रोसेसर एकच ठेवला तर इन्स्टॉलर यंत्र अपात्र ठरवतो, आणि कारण टीपीएममध्ये शोधत वेळ जातो.

देवनागरी : विंडोज २००० पासून प्रणालीत युनिकोड देवनागरी आहे. विंडोज १० ची १९०३ आवृत्ती येण्याआधी मराठी फोनेटिक कळफलक चाचणी बिल्डांत दिसला होता आणि तो तसाच अंतिम प्रणालीत आला. मंगल फाँट मात्र विंडोज १० पासून ऐच्छिक झाला. कोऱ्या यंत्रावर मंगलमधील जुना दस्तऐवज उघडला की निर्मला यूआय हा फाँट त्याची जागा घेतो, ओळींची लांबी बदलते आणि पाने सरकतात. सेटिंग्जमधील ऐच्छिक सोयींतून देवनागरीचे पूरक फाँट उतरवले की कोकिळा, अपराजिता, उत्साह यांच्यासोबत मंगलही परत मिळतो.