बी.ए.ला मानसशास्त्र की राज्यशास्त्र? फॉर्म भरण्याआधी एवढं बघा

खान्देशात बारावीनंतर बी.ए.ला प्रवेश सहज मिळतो, अडतं ते हव्या त्या विषयाशी. राज्यशास्त्र तालुक्याच्या कला महाविद्यालयातही बहुधा असतंच. मानसशास्त्र मोजक्या ठिकाणी. बालविकास हा विषय बी.ए.त क्वचितच दिसतो, तो गृहविज्ञानाच्या पदवीत 'मानवविकास' या नावाने शोधावा लागतो. म्हणून आधी महाविद्यालयात जाऊन एकच प्रश्न विचारा: 'हा विषय मेजर, म्हणजे मुख्य विषय म्हणून तिसऱ्या वर्षापर्यंत आहे का?' 'विषय आहे' एवढ्या उत्तरावर परत येऊ नका, तो फक्त मायनर, म्हणजे दुय्यम विषय असू शकतो.

पात्रता सोपी आहे. बारावी पास, शाखा कोणतीही. सीईटी लागत नाही. जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतली बहुतेक महाविद्यालयं कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला जोडलेली आहेत. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे तीन वर्षांनी पदवी, चौथं वर्ष केलं तर ऑनर्स. पहिल्या किंवा दुसऱ्या वर्षानंतर शिक्षण सुटलं तरी ठरलेली क्रेडिट्स (अभ्यासाचे श्रेयांक) पूर्ण असतील तर प्रमाणपत्र किंवा पदविका घेऊन बाहेर पडता येतं. शेतीच्या हंगामात घर ओढणाऱ्या पोरांसाठी ही सोय मोठी आहे, पण ती कुणी सांगत नाही.

मानसशास्त्र घरबसल्या करायचा बेत असेल तर थांबा. २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून विद्यापीठ अनुदान आयोगाने हा विषय दूरशिक्षणातून शिकवणं बंद केलं आहे. म्हणजे रोज कॉलेज गाठावंच लागेल. शिवाय नुसत्या बी.ए.वर 'समुपदेशक' अशी पाटी लावायची स्वप्नं नकोत. क्लिनिकल कामासाठी पुढचं शिक्षण आणि भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. राज्यशास्त्र मात्र मुक्त विद्यापीठातूनही होतं, आणि स्पर्धा परीक्षेवाल्यांची पसंती त्याला का असते, हे वेगळं सांगायला नको. लहान मुलांसोबत काम करायचं असेल तर इग्नूची बालसंगोपन व शिक्षणाची एक वर्षाची पदविका बघा, तिलाही बारावी पुरते.

आता कागद. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा मूळ दाखला, आधार, फोटो, डिजिलॉकरवरून काढलेला एबीसी आयडी (तुमची क्रेडिट्स जिथे जमा होतात त्या खात्याचा क्रमांक). आरक्षण घेणार असाल तर जातीचा दाखला, आणि ओबीसींना सोबत नॉन-क्रीमीलेयर. मध्ये वर्ष गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र. सीमेवरच्या गावांत खेतिया किंवा बऱ्हाणपूरकडे बारावी झालेली मुलं असतात. त्यांना मायग्रेशन प्रमाणपत्र लागतं, ते आणायला पुन्हा तिकडच्या बोर्डाकडे धाव, म्हणून निकालाच्या दिवशीच मागणी करा.

सगळ्यात जास्त खोळंबा उत्पन्नाच्या दाखल्याचा. निकाल लागला की सेतूवर ही गर्दी, आणि ऐन वेळी 'सर्वर डाऊन शे भो' ऐकून परतायचं. एप्रिलमध्येच काढून ठेवा. ३१ मार्चला संपलेला जुना दाखला चालत नाही. महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती संकेतस्थळावर एससी, एसटीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख आहे. खुल्या प्रवर्गातल्या आर्थिकदृष्ट्या मागासांना राजर्षी शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्तीत ती ८ लाख. खातं आधारला जोडलेलं हवं, नाहीतर मंजूर पैसाही अडकतो. आणि आधारवर 'पाटील राहुल' नि गुणपत्रिकेवर 'राहुल पाटील' असा घोळ असेल, तर अर्जाआधी आधार दुरुस्त करा.

धडगाव, अक्कलकुवा, साक्री भागातल्या आदिवासी मुलांसाठी वसतिगृहाचा अर्ज प्रवेशापासून वेगळा असतो. नंदुरबार, तळोदा, धुळे आणि यावल इथे आदिवासी विकास विभागाची प्रकल्प कार्यालयं आहेत. वसतिगृहात जागा मिळाली नाही तर पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम योजनेतून जेवण-राहण्याचे पैसे खात्यात येतात, पण त्यासाठीही अर्ज लागतोच. मूळ दाखला कॉलेजात जमा होण्याआधी त्याच्या चार-पाच झेरॉक्स काढा, तो नंतर लवकर हाती येत नाही.