तेरेखोलच्या काठावरची भाड्याची खोली: दोन नियमांची पार्श्वभूमी

केरीच्या धक्क्यावरून फेरीबोटीत बसले की नदी ओलांडून आपण तेरेखोलला उतरतो. नदी हीच गोव्याची हद्द असा पुष्कळांचा समज असतो, पण उत्तर काठावरचा किल्ला आणि त्याच्या आसऱ्याचे गाव गोव्याचेच. १७४६ मध्ये पोर्तुगीजांनी हा किल्ला सावंतवाडीकर भोसल्यांकडून घेतला, तेव्हाची ती रेघ अजून टिकून आहे. तिथून रेडीच्या दिशेने थोडे चालले की महाराष्ट्र लागतो. चिऱ्याच्या भिंती त्याच, अंगणातले तुळशीवृंदावन तेच. पण घरातली रिकामी खोली चार दिवस पर्यटकाला द्यायची म्हटली की अलीकडच्या घराला एक चौकट लागू होते आणि पलीकडच्या घराला दुसरी.

गोव्यात परगावच्या माणसाच्या मुक्कामाची जुनी सोय म्हणजे देवळाची अग्रशाळा. मंगेशी, रामनाथी, कवळ्याची शांतादुर्गा इथे दूरवरून येणाऱ्या कुळाव्यांना, म्हणजे ज्यांचे ते कुलदैवत त्या भक्तांना, खोली मिळे. तो देवस्थानचा मामला होता, सरकारी परवान्याचा त्यात प्रश्नच नव्हता. साठीच्या दशकाच्या अखेरीस हिप्पी कळंगुट, हणजुणेला येऊ लागले आणि किनाऱ्यावरच्या कुटुंबांनी पुढची खोली महिन्याच्या बोलीवर देऊ केली. घरवाले मागच्या पडवीत सरकले. गोव्यातला हा धंदा असा घरातूनच सुरू झाला, हॉटेलांची रांग नंतर लागली.

आणखी एक कारण मला फार महत्त्वाचे वाटते, त्याची चर्चा मात्र क्वचितच होते. १९६८ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडेकरूला संरक्षण दिले, १९७५ च्या मुंडकार कायद्याने मुंडकाराला, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्याला. दोन्ही कायदे गरजेचेच होते. पण घरमालकाच्या मनात धास्ती बसली, की एकदा माणूस राहिला तर तो उठायचा नाही. पर्यटक चार दिवसांत, फार तर हंगाम संपला की जातो. त्यामुळे स्थानिक भाडेकरूपेक्षा पाहुणा बरा, हा हिशेब पर्यटन खात्याच्या कुठल्याही धोरणाआधीच घरोघरी मांडला गेला होता.

पर्यटन व्यवसाय नोंदणीचा कायदा आला १९८२ मध्ये. गोवा तेव्हा दमण व दीवसह केंद्रशासित प्रदेश होता. हॉटेलचालक, ट्रॅव्हल एजंट, गाईड, पर्यटकांना माल विकणारे दुकानदार अशा सगळ्यांना त्याने एकाच कायद्याखाली आणले. फसवणूक, दलाली, अवाच्या सवा दर यांना आळा घालणे हा त्याचा रोख. पैसे घेऊन पर्यटकाला उतरवणारी घरेही याच चौकटीत आली. पुढच्याच वर्षी राष्ट्रकुल प्रमुखांची विश्रांती बैठक गोव्यात झाली, १९८५ पासून चार्टर विमाने येऊ लागली आणि खोल्यांची मागणी कितीतरी पटींनी वाढली.

माझ्या मावशीचे घर पेडण्यात आहे. दोन खोल्यांच्या नोंदणीचा अर्ज मी तिला वाचून दाखवला तेव्हा ती 'हॉटेल' या शब्दाशीच थांबली. "हॉटेल कसलं रे? मी इथे राहते, माझा देव्हारा इथे आहे." खरी अडचण पुढेच होती. पोर्तुगीज नागरी कायद्याने सगळ्या मुलांना वारसाहक्क मिळतो, त्यामुळे घरावर पाच नावे आणि त्यातले एक गिरगावात. घरपट्टीची पावती दहा मिनिटांत सापडली, सहवारसांच्या ना हरकत पत्रांना दोन गणेशचतुर्थ्या गेल्या.

पलीकडची कथा वेगळ्या टोकाने सुरू होते. रेडी ज्या जिल्ह्यात येते तो सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, तेव्हा तिथे पर्यटकांची गर्दी नव्हती. ती यावी म्हणून सरकार धडपडत होते. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या निवास व न्याहारी योजनेत घरमालकाला बोलावून घेतले गेले: तुमची खोली दाखवा, आम्ही मान्यता देतो. मालवण, तारकर्ली, वेंगुर्ल्यात सोलकढी आणि घरचे जेवण हाच व्यवसायाचा कणा झाला. २०२० च्या कृषी पर्यटन धोरणाने तोच धागा बागायतीत नेला. गोव्यात गर्दी आधी आणि कायदा तिला आवरायला नंतर, सिंधुदुर्गात योजना आधी आणि पाहुणे नंतर. दोन्हीकडच्या अर्जांची भाषासुद्धा त्यामुळेच वेगळी आहे. विदेशी पाहुण्याची माहिती चोवीस तासांत सरकारला कळवणे मात्र दोन्हीकडे सारखेच, कारण तो केंद्राचा नियम.

खुद्द गोव्यातही शेजारी-शेजारी फरक पडतो. पर्यटन खात्याची नोंदणी राज्यभर एक, पण व्यापार परवाना आणि घरपट्टी स्थानिक संस्थेकडे. पणजीला २००२ च्या कायद्याने महानगरपालिका, म्हापसा-मडगावला १९६८ च्या कायद्याखालच्या नगरपालिका, तर पणजीला अगदी खेटून असलेल्या ताळगावला १९९४ च्या पंचायत राज कायद्याखालची पंचायत. किनाऱ्यालगत त्यावर १९९१ पासूनचे किनारी नियमन क्षेत्राचे निर्बंध.

खोली देणारा मालक त्याच घरात राहतो, हे या सगळ्यांत गृहीत होते. केंद्राच्या बेड अँड ब्रेकफास्ट योजनेत तर तशी अटच आहे, वर जास्तीत जास्त सहा खोल्या आणि बारा खाटा. मोबाईलवरून आरक्षण सुरू झाले आणि चित्र पालटले. आसगाव, शिवोलीत मालक दिल्ली-मुंबईला, चावी राखणदाराकडे आणि पाहुणा दर शनिवारी नवा. विहिरीचे पाणी, कचरा, रात्रीचा आवाज यांची तक्रार कुणाकडे न्यायची, हे शेजाऱ्याला कळत नाही. अशा बंगल्याला आणि माझ्या मावशीच्या दोन खोल्यांना १९८२ चा कायदा एकाच मापाने मोजतो, हे मला अन्यायाचे वाटते. गोवा सरकारच्या २०२३ च्या होमस्टे आणि बेड अँड ब्रेकफास्ट धोरणाने आतल्या तालुक्यांतल्या घरांना आणि महिलांना अर्थसाहाय्य देऊ केले, तेव्हा कुठे घरात राहणाऱ्या मालकाची निराळी दखल घेतली गेली. रेडीच्या घरांना ती पहिल्या दिवसापासून मिळत होती.