सहाच्या आधी, चौदाच्या पुढे

घणसोली, ऐरोली, कळव्यात आरटीईच्या, म्हणजे शिक्षणहक्क कायद्याच्या, सोडतीतून खासगी शाळेतल्या २५ टक्के राखीव जागांवर गेलेल्या मुलांच्या पालकांना एक गोष्ट बरेचदा उशिरा कळते. फीमाफी आठवीपर्यंतच असते. नववीत पूर्ण फी भरायची, नाहीतर मुलाला महापालिकेच्या किंवा अनुदानित शाळेत न्यायचं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ३ ते १८ वर्षांचं शिक्षण सर्वांसाठी असावं म्हटलं, तेव्हापासून ६ ते १४ वयापुरता असलेला २००९ चा शिक्षणहक्क कायदा बदलणार का, हा प्रश्न पुन्हा पुन्हा निघतो. पण मुळात सहा आणि चौदा हे आकडे आले कुठून?

जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, अशी मागणी केली होती. गोखल्यांनी १९११ मध्ये मध्यवर्ती विधिमंडळात विधेयक आणलं ते त्याहून मवाळ होतं: ६ ते १० वयाचे मुलगे, तेही जिथे शाळेत जाणाऱ्यांचं प्रमाण आधीच बरं आहे अशाच भागात. पुढच्या वर्षी ते ३८ विरुद्ध १३ मतांनी पडलं. खर्च कोण उचलणार, हा आक्षेप तेव्हाही होता. शाहू महाराजांनी मात्र १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला.

राज्यघटनेच्या मूळ ४५ व्या कलमात खालची वयोमर्यादाच नव्हती. ‘१४ वर्षं पूर्ण होईपर्यंत’ सगळी मुलं, आणि मुदत १० वर्षांची. ती मुदत निघून गेली. १९९३ च्या उन्नीकृष्णन निकालात सर्वोच्च न्यायालयाने १४ वर्षांपर्यंतचं शिक्षण मूलभूत हक्क ठरवलं, तेव्हाही तळाला रेघ नव्हती. ती आली २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीत. २१-अ कलमाने ६ ते १४ वर्षांना हक्क दिला आणि सहाच्या आतली मुलं मार्गदर्शक तत्त्वांमध्ये ढकलली, जी न्यायालयात हक्क म्हणून मागता येत नाहीत. हक्क मिळाल्याच्या आनंदात ही वजाबाकी फार थोड्यांच्या लक्षात आली.

ठाणेकरांना ती जास्त खुपायला हवी. तीन-चार वर्षांच्या मुलाचं शिक्षण ही गंभीर गोष्ट आहे, हे याच जिल्ह्यात करून दाखवलं गेलं. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ १९४५ मध्ये डहाणू तालुक्यातल्या बोर्डीला आल्या, पुढे कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. (डहाणू तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं. पालघर वेगळा झाला २०१४ साली.) आदिवासी मुलं बालवाडीपर्यंत येईनात, म्हणून या दोघी बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात घेऊन गेल्या. तीच अंगणवाडी. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. १९७५ साली केंद्राची एकात्मिक बालविकास योजना आली, तिच्यातली केंद्रंही अंगणवाडी म्हणूनच ओळखली जातात. नव्वदच्या दशकात विधायक संसद या संस्थेने वीटभट्ट्यांवर भोंगाशाळा चालवल्या, त्यामागचा विचारही तोच: मूल जिथे आहे तिथे शाळा.

१ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या कायद्यात आतापर्यंत तीन ठळक दुरुस्त्या झाल्या. २०१२ ची अपंग मुलांसंबंधी, २०१७ ची शिक्षकांच्या प्रशिक्षणाच्या मुदतीची, २०१९ ची पाचवी-आठवीत नापास करण्याची मुभा देणारी. वयाला एकीनेही हात लावला नाही.

कारण पैसा, हे उघड आहे. महाराष्ट्राने ९ फेब्रुवारी २०२४ ला नियम बदलले. सरकारी किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल तर खासगी विनाअनुदानित शाळेला २५ टक्के जागांमधून सूट, असा तो बदल. नवी मुंबईसारख्या शहरात एक किलोमीटरच्या वर्तुळात महापालिकेची शाळा सापडतेच, तेव्हा सोडतीत उरलं काय असतं? मुंबई उच्च न्यायालयाने मे महिन्यात स्थगिती दिली, १९ जुलैला तो बदल रद्द केला. आहेत त्या जागांचेच पैसे शाळांना देताना राज्य एवढं आखडतं घेत असेल, तर आणखी सात वर्षांचा भार ते आनंदाने उचलेल असं मला वाटत नाही. अल्पसंख्याक शाळांना सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या प्रमती निकालाने या कायद्यातून पूर्ण वगळलं. त्याचा फेरविचार व्हावा म्हणून सर्वोच्च न्यायालयाच्या द्विसदस्यीय पीठाने १ सप्टेंबर २०२५ ला प्रकरण मोठ्या पीठाकडे पाठवण्यासाठी सरन्यायाधीशांपुढे ठेवलं. तिथे काय ठरतं त्यावरही सरकारची पावलं अवलंबून राहतील.

दोन टोकांपैकी वरचं मला सोपं दिसतं. नववी ते बारावीच्या शाळा आहेत, खातं एकच आहे, अडचण निधीची. खालच्या टोकाला अंगणवाडी महिला व बालविकासकडे आणि शाळा शिक्षण खात्याकडे, त्यामुळे हक्क दिलाच तर उत्तरदायी कोण, इथूनच वाद सुरू होईल. कायद्यातलं ११ वं कलम तीन ते सहा वयासाठीच आहे. त्यात सरकार मोफत पूर्वप्राथमिक शिक्षणाची व्यवस्था ‘करू शकेल’ असं म्हटलंय. २०१० पासून ते तसंच आहे. ‘करू शकेल’च्या जागी ‘करील’ लिहायला संसदेत साधं बहुमत पुरतं, घटनादुरुस्तीही लागत नाही.