इम्प्लांट जागेवरून सरकतं, यामागे साठ वर्षांची ओढाताण आहे

स्तनाचा आकार वाढवायला किंवा भरून काढायला आत बसवलेलं इम्प्लांट, म्हणजे सिलिकॉनची भरलेली पिशवी, सरकलं की बहुतेक बायकांच्या मनात पहिला प्रश्न येतो तो म्हणजे माझं काय चुकलं. कुशीवर झोपले म्हणून झालं का, सपोर्ट ब्रा नीट घातली नाही म्हणून का, लवकर कामाला लागले म्हणून का. कधीकधी त्यात काही अंशी तथ्य असतंही, पण या ऑपरेशनचा इतिहास नीट बघितला ना तर लक्षात येतं की इम्प्लांट छातीवर एका जागी टिकवायचं कसं हा प्रश्न पहिल्या इम्प्लांटपासूनच होता आणि दर काही वर्षांनी त्याला नवीन उत्तर आलं आणि प्रत्येक उत्तराने आपल्यासोबत दुसरा कुठला तरी त्रास आणला. म्हणून ही पार्श्वभूमी जरा सविस्तर लिहितेय.

आधी शरीरात काय होतं ते. सर्जन स्तनाच्या मागे एक जागा मोकळी करतो, तिला पॉकेट म्हणतात. इम्प्लांट आत गेलं की शरीर त्याला परकी वस्तू समजतं आणि त्याच्याभोवती आपलंच एक आवरण तयार करतं, ते कॅप्सूल. कुठलंही इम्प्लांट घातलं तरी हे आवरण होतंच, तो काही आजार नाही. पण सगळी गोष्ट याच आवरणाभोवती फिरते. ते जाड होऊन आवळलं तर स्तन दगडासारखा कडक होतो आणि इम्प्लांट बऱ्याचदा वर चढतं, याला कॅप्स्युलर कॉन्ट्रॅक्चर म्हणतात. ते फार पातळ आणि सैल राहिलं तर इम्प्लांट वजनाने सरकतं. म्हणजे फार घट्टही नको आणि फार सैलही नको, आणि हे मधलं माप कुणाला नेमकं सापडलंय असं मला तरी वाटत नाही.

सरकण्याचेही प्रकार आहेत. खाली घसरलं तर बॉटमिंग आउट, निप्पल वर बघायला लागतं आणि स्तनाखालच्या घडीच्याही खाली भार जातो. जुन्या घडीची रेष तशीच दिसत राहिली तर डबल बबल. काखेकडे गेलं तर उताणं झोपल्यावर दोन्ही बाजूंना पसरल्यासारखं वाटतं. मध्ये सरकून दोन्ही स्तन छातीच्या हाडावर जवळजवळ एकत्र आले तर सिमॅस्टिया. आणि थेंबाच्या आकाराचं इम्प्लांट असेल तर ते जागच्या जागी गोल फिरू शकतं, मग स्तनाचा आकारच वेडावाकडा दिसतो.

स्तनाचा आकार भरून काढायचे प्रयत्न तसे फार जुने. 1895 मध्ये जर्मनीत विन्सेंझ चेर्नी या सर्जनने एका बाईच्या स्तनातली गाठ काढल्यावर तिच्याच शरीरातली चरबीची गाठ तिथे बसवली. मग पॅराफिनची इंजेक्शनं आली, नंतर द्रव सिलिकॉनची, आणि या दोन्हींमध्ये भरलेला पदार्थ कुठल्याच पिशवीत नसायचा त्यामुळे तो आतल्या आत इकडेतिकडे पसरायचा, गाठी व्हायच्या, जखमा व्हायच्या. 1950 च्या दशकात स्पंजचे तुकडे घालून बघितले, ते आक्रसून कडक व्हायचे. या बायकांनी जे सोसलं त्याची नोंद फार थोडी राहिली आहे.

खरी सुरुवात अमेरिकेत ह्यूस्टनला झाली. थॉमस क्रोनिन आणि फ्रँक जेरो या दोघा सर्जननी डाऊ कॉर्निंग कंपनीबरोबर सिलिकॉन जेल भरलेली पिशवी तयार केली आणि 1962 मध्ये टिमी जीन लिंडसे या बाईंवर पहिलं ऑपरेशन झालं. त्या खरं तर छातीवरचा टॅटू काढायला गेल्या होत्या. या पहिल्या इम्प्लांटमधली एक गोष्ट आपल्या विषयासाठी फार महत्त्वाची आहे, ती म्हणजे त्याच्या मागच्या बाजूला डेक्रॉन नावाच्या पॉलिएस्टर कापडाचे तुकडे चिकटवलेले होते. कशासाठी? तर शरीराचं मांस त्या कापडात वाढावं आणि इम्प्लांट छातीच्या भिंतीला पकडून राहावं म्हणून. म्हणजे हे सरकणार ही भीती बनवणाऱ्यांना पहिल्या दिवसापासून होती!

पण ही इम्प्लांट्स कडक व्हायला लागली. जाड कवच, मागे कापड, आणि भोवती आवळलेलं कॅप्सूल. डेक्रॉनमुळेच आवळतंय असा संशय घेतला गेला आणि 1970 च्या दशकात ते कापड काढून टाकलं, कवच पातळ केलं, जेल मऊ केलं, पृष्ठभाग गुळगुळीत केला. आता इम्प्लांटला पकड अशी काहीच उरली नाही. कडकपणा मात्र पूर्ण गेला नाही तो नाहीच.

या काळात कडकपणावर जे उपाय केले गेले ते वाचून मला खरोखर वाईट वाटतं. एक उपाय म्हणजे सर्जन हाताने स्तन जोर लावून दाबायचा, आतलं कॅप्सूल फाटेपर्यंत. चीर नाही, टाके नाहीत, आणि अनेकदा फक्त क्लिनिकमध्येच. कॅप्सूल फाटायचं पण कुठे फाटेल यावर कुणाचाच ताबा नसायचा, मग इम्प्लांट त्या फाटलेल्या बाजूने बाहेर सरकायचं, कधी स्वतःच फुटायचं. दुसरा उपाय स्टेरॉइडचा. दोन कप्प्यांची इम्प्लांट्स होती, त्यातल्या एका कप्प्यात स्टेरॉइड घालायचं, ते हळूहळू बाहेर झिरपून कॅप्सूल मऊ ठेवेल अशी कल्पना. मऊ ठेवलंच, पण वरची त्वचा आणि मांससुद्धा इतकं पातळ केलं की इम्प्लांट खाली खाली घसरत गेलं आणि काही जणींच्या बाबतीत त्वचेतून बाहेर यायच्या बेतात आलं. कॉन्ट्रॅक्चर टाळायला गेले आणि बॉटमिंग आउट पदरात पडलं, याचं याहून स्पष्ट उदाहरण नाही.

याच सुमाराला आणखी एक वाट निघाली होती. 1970 च्या आसपास फ्रँकलिन ॲशली या सर्जनने इम्प्लांटला पॉलीयुरेथेनच्या फोमचं आवरण दिलं. फोमच्या बारीक भोकांत मांस वाढतं, कॅप्सूल एकसंध आवळत नाही आणि इम्प्लांट ठेवलं तिथेच राहतं. दोन्ही प्रश्नांवर एकदम उत्तर मिळालं असं वाटलं. पण फोमचं शरीरात विघटन होऊन निघणाऱ्या रसायनाबद्दल कॅन्सरची शंका आली आणि 1991 मध्ये अमेरिकेत ते बाजारातून काढून घेतलं गेलं. काही देशांत ही इम्प्लांट्स अजूनही वापरतात.

इम्प्लांट कुठल्या थरात ठेवायचं हा वेगळा मुद्दा. सुरुवातीला ते स्तनग्रंथीच्या मागे आणि स्नायूच्या वर असायचं. 1968 मध्ये छातीच्या स्नायूखाली ठेवायची पद्धत मांडली गेली. मग 1992 मध्ये एफडीएने, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख ठेवणाऱ्या अमेरिकेच्या सरकारी संस्थेने, सिलिकॉन जेलच्या इम्प्लांटवर बंधनं आणली, ती थेट 2006 ला उठली, तोपर्यंत तिकडे नुसता स्तनाचा आकार वाढवण्यासाठी मिठाच्या पाण्याची इम्प्लांट्सच वापरली गेली आणि त्यांच्या सुरकुत्या बाहेरून दिसू नयेत म्हणून स्नायूखाली ठेवणं जास्तच रुळलं. पण स्नायू काही स्वस्थ बसत नाही. हात लावून ढकला, उचला, व्यायाम करा, प्रत्येक वेळी तो आवळतो आणि इम्प्लांटला खाली आणि बाहेर रेटतो, आणि हे वर्षानुवर्षं चालू राहतं. काखेकडे सरकलेल्या कितीतरी केसेसमागे हेच असतं, त्या बाईची झोपायची सवय नाही. 2001 मध्ये जॉन टेबेट्स या सर्जनने ड्युअल प्लेन पद्धत मांडली, इम्प्लांटचा वरचा भाग स्नायूखाली आणि खालचा ग्रंथीखाली, त्यात स्नायू खालून सोडवतात. सोडवताना छातीच्या हाडाकडची बाजूही जास्त कापली गेली तर मात्र सिमॅस्टियाचा धोका वाढतो.

आता टेक्स्चर, म्हणजे इम्प्लांटचा खरबरीत पृष्ठभाग. 1980 च्या दशकाच्या शेवटी कंपन्यांनी फोमशिवाय, नुसत्या सिलिकॉनचाच पृष्ठभाग खरबरीत करायला सुरुवात केली. एका पद्धतीत कवच ओलं असताना त्यावर मिठाचे कण दाबायचे आणि नंतर धुऊन काढायचे, की खड्डे तयार. त्या खड्ड्यांत मांस शिरतं आणि वेल्क्रोसारखी पकड बसते. थेंबाच्या आकाराची इम्प्लांट्स चालली ती याच्याच जोरावर, कारण गोल इम्प्लांट आत फिरलं तर कुणाला कळत नाही पण थेंब फिरला की लगेच दिसतो. वीस-पंचवीस वर्षं जगभर अनेक सर्जननी टेक्स्चरवर भरवसा ठेवला.

आणि मग बीआयए-एएलसीएल. इम्प्लांटच्या कॅप्सूलमध्ये होणारा लिम्फोमा, रोगप्रतिकारक पेशींचा कॅन्सर. पहिली केस 1997 मध्ये नोंदली गेली, 2011 मध्ये एफडीएने संबंध असू शकतो असं जाहीर सांगितलं, आणि पुढे स्पष्ट होत गेलं की जास्त खरबरीत पृष्ठभागाशी याचं नातं आहे. हा आजार दुर्मिळ आहे हे खरं, पण फक्त आकार वाढवण्यासाठी केलेल्या ऑपरेशनमधून कॅन्सर हे कुठल्याच हिशेबात बसत नाही. एप्रिल 2019 मध्ये फ्रान्सने अशा जास्त खरबरीत इम्प्लांट्सवर बंदी घातली आणि 24 जुलै 2019 ला अ‍ॅलरगन कंपनीने बायोसेल प्रकारची, म्हणजे वर सांगितलेल्या मिठाच्या पद्धतीने खरबरीत केलेली, इम्प्लांट्स जगभरातून परत घेतली.

त्यामुळे आज पुन्हा गुळगुळीत इम्प्लांट्सच मोठ्या प्रमाणावर घातली जातात, म्हणजे पकडीच्या बाबतीत आपण 1970 च्या दशकात परत आलोय. फरक एवढाच की आता भार इम्प्लांटच्या पृष्ठभागावर नाही तर पॉकेटवर आणि टाक्यांवर आहे. पॉकेट नेमक्या मापाचं कापणं, खालची घडी आतून टाके घालून पक्की करणं, आणि खूप मोठं इम्प्लांट न घेणं. हा शेवटचा मुद्दा मला सगळ्यात कमी बोलला जातो असं वाटतं, 400 सीसीचं सिलिकॉन इम्प्लांट म्हणजे जवळपास 400 ग्रॅम वजन, तेही प्रत्येक बाजूला, आणि ते दिवसरात्र त्याच त्वचेवर लटकलेलं.

दुरुस्तीचंही तसंच. आधी सैल कॅप्सूल नुसतं शिवून लहान करायचे, पण पातळ कॅप्सूलमध्ये टाके धरत नाहीत, फाटतात आणि काही महिन्यांत इम्प्लांट परत सरकतं. मग जुनं पॉकेट बंद करून शेजारच्या थरात नवीन पॉकेट करायची पद्धत आली, आणि गेल्या वीसेक वर्षांत प्रक्रिया केलेल्या त्वचेचे पडदे किंवा शरीरात विरघळणारी जाळी आतून आधाराला लावतात, तिला इंटर्नल ब्रा म्हणतात. यातलं कुठलं लागू पडेल हे पहिल्या ऑपरेशनच्या कागदांवरून बरंचसं ठरतं, इम्प्लांट गुळगुळीत की टेक्स्चर्ड, स्नायूवर की खाली, किती सीसीचं, कुठल्या कंपनीचं आणि कुठलं मॉडेल. म्हणून दुरुस्तीसाठी जायच्या आधी ते इम्प्लांट कार्ड आणि ऑपरेशन नोट मागून घ्या, नवीन ठिकाणी जात असाल तर नक्कीच.