चियांग माईतलं बिऱ्हाड आणि चियांग माईतला मुक्काम

“चियांग माईला जाऊन राहायचं म्हणतोय, स्वस्त आहे म्हणे,” असं सांगणारे लोक दोन तऱ्हेचे असतात. एकाची निवृत्ती दोन-तीन वर्षांवर आलेली असते, गुडघे कुरकुरायला लागलेले असतात, मुलं अमेरिकेत असतात. दुसरा तिशीतला असतो, कंपनीने ‘कुठूनही काम कर’ म्हटलेलं असतं आणि पुण्यातल्या फ्लॅटचं भाडं त्याला डोईजड झालेलं असतं. आपण एकच प्रश्न विचारतोय असं दोघांनाही वाटतं. पण एकाचं उत्तर दुसऱ्याला देऊन चालत नाही.

थायलंडच्या उत्तरेकडच्या त्या शहरात पहिल्याला एक्स्पॅट म्हणतात आणि दुसऱ्याला डिजिटल नोमॅड. बोलताना लोक दोन्ही शब्दांची सरमिसळ करतात, कारण बाहेरून दोघं सारखेच दिसतात: अर्धी चड्डी, थंड कॉफी, लाल सोंगथेवमधून प्रवास. (सोंगथेव म्हणजे आपल्या वडापचं थाई भावंड. मागे दोन बाकडी, वाटेत कुठेही हात करा.) मला आपले जुने शब्द जास्त नेमके वाटतात. पहिला बिऱ्हाड करतो, दुसरा मुक्काम. बिऱ्हाडाला भांडीकुंडी लागतात, शेजार लागतो, ओळखीचा डॉक्टर लागतो. मुक्कामाला एक पाठपिशवी आणि न तुटणारं वायफाय पुरतं. कोण किती दिवस राहिला यावरून मात्र फरक ओळखता येत नाही. चार-चार वर्षं मुक्कामावर असलेलेही असतात आणि आठ महिन्यांत बिऱ्हाड मांडून बसलेलेही.

फरक सगळ्यात स्वच्छ दिसतो तो पासपोर्टवरच्या शिक्क्यात, म्हणून कंटाळवाणं वाटलं तरी आधी तेच बघू.

निवृत्तांसाठीची परवानगी वयाची ५० वर्षं पूर्ण झालेल्यांना मिळते आणि ती वर्षावर्षाने वाढवून घ्यावी लागते. त्यासाठी थाई बँकेत आपल्या नावावर ८ लाख बाट (थायलंडचं चलन) हवेत, किंवा दरमहा ६५,००० बाटचं उत्पन्न, किंवा दोन्ही मिळून बसणारा हिशेब. ८ लाख नुसते दाखवायचे नसतात. मुदतवाढीच्या आधी दोन महिने आणि नंतर तीन महिने ते खात्यात तसेच पडून असावे लागतात आणि उरलेल्या काळातही शिल्लक ४ लाखांच्या खाली जाऊ द्यायची नसते. रुपयांत ही रक्कम वीस लाखांहून जास्त होते, म्हणजे आपल्याकडच्या घराच्या डिपॉझिटसारखी ती तिथे अडकून पडते. कुठलंही काम करायला मनाई असते. आणि देशाबाहेर जायचं तर आधी री-एंट्री परमिट, म्हणजे परत आत येण्याचा परवाना, काढावं लागतं. ते न काढता मुलाला भेटायला गेलात तर परत येईपर्यंत मुदतवाढ रद्द झालेली असते आणि सगळं पहिल्यापासून सुरू करावं लागतं.

मुक्कामवाल्यासाठी थायलंडने जुलै २०२४ मध्ये डेस्टिनेशन थायलंड व्हिसा, म्हणजे डीटीव्ही, आणला. वय किमान २०, खात्यात ५ लाख बाटची ऐपत दाखवायची, आणि काम परदेशी मालकासाठी किंवा परदेशी ग्राहकांसाठी करायचं. मुए थाई (थाई मुष्टियुद्ध) किंवा थाई स्वयंपाक शिकायला येणाऱ्यांनाही तो मिळतो. व्हिसा पाच वर्षांचा असतो, पण एका खेपेला १८० दिवस. इथे पुष्कळांची गफलत होते. ‘पाच वर्षांचा व्हिसा मिळाला’ म्हणजे पाच वर्षं बसून राहता येईल असं नव्हे. १८० दिवस संपत आले की बाहेर जायचं आणि पुन्हा आत यायचं. आत आलं की नवे १८० दिवस सुरू.

माझ्या मते दोन्ही प्रकारांतला खरा फरक इथेच आहे. एकाची परवानगी देशाबाहेर पाऊल टाकल्यावर मरते, दुसऱ्याची देशाबाहेर पाऊल टाकल्यावर ताजी होते. पहिल्याने हलू नये आणि दुसऱ्याने बसू नये, अशीच ही रचना आहे. डीटीव्हीच्या नावातच ‘डेस्टिनेशन’ आहे. सरकारच्या लेखी नोमॅड हा लांबलेला पर्यटक, आणि निवृत्त माणूस हा इमिग्रेशनच्या खिडकीवरचा कायमचा गिऱ्हाईक. ९० दिवस सलग राहिलं की पत्ता कळवण्याचं बंधन मात्र दोघांनाही आहे, आणि घरमालकानेही परदेशी भाडेकरूची नोंद २४ तासांत करायची असते.

डीटीव्ही येण्याआधी लॅपटॉपवाले पर्यटक म्हणूनच राहत होते आणि कायदा त्यांच्याकडे अर्धा डोळा मिटून पाहत होता. ऑक्टोबर २०१४ मध्ये चियांग माईतल्या एका को-वर्किंग जागेत, म्हणजे भाड्याने टेबल घेऊन काम करायच्या सामायिक ऑफिसात, इमिग्रेशनचे अधिकारी शिरले, वीसेक जणांना चौकशीला नेलं आणि त्याच दिवशी सोडून दिलं. त्या एका दुपारची चर्चा पुढे कित्येक वर्षं चालली, कारण काय चालतं आणि काय चालत नाही हे कोणालाच नीट ठाऊक नव्हतं.

आता मराठी माणसाचा हिशेब. १५ जुलै २०२४ पासून थायलंडने भारतासह ९३ देशांच्या नागरिकांना ६० दिवस व्हिसाविना राहण्याची सवलत दिली. अशा सवलती वरचेवर बदलतात, त्यामुळे तिकीट काढण्याआधी थाई दूतावासाचं पान उघडून बघाच. पण अंदाज घ्यायला अशी एक खेप पुरते. १ जानेवारी २०२५ पासून भारतातून थाई व्हिसाचा अर्जही ऑनलाइन करता येतो. निवृत्तीवाल्यांनी ६५,००० बाटकडे नीट पाहावं. रुपयांत ती रक्कम महिना दीड लाखाच्या वर जाते. इतकी पेन्शन किती जणांना असते? बहुतेकांना बँकेतल्या ८ लाख बाटचाच रस्ता उरतो, आणि ते पैसे रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेतून, म्हणजे माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरच्या मर्यादेत, पाठवावे लागतात. तिशीतल्याची अडचण प्राप्तिकराची असते. एका कॅलेंडर वर्षात १८० दिवस थायलंडमध्ये काढले की तो तिथला कर-रहिवासी ठरतो, आणि २०२४ पासून परदेशात कमावून थायलंडमध्ये आणलेल्या पैशावर तिथे कर लागू शकतो. एका खेपेचे दिवसही नेमके १८०. हा योगायोग म्हणावा की खोडी, कळत नाही.

दोघांच्या वस्त्याही वेगळ्या. शहराचा जुना भाग म्हणजे खंदकाने वेढलेला, बाजूला साधारण दीड किलोमीटर भरेल असा चौकोन. राजा मंगराईने १२९६ मध्ये लान्ना राज्याची ही राजधानी वसवली. चियांग माईचा अर्थच ‘नवं शहर’. चौकोनाच्या पश्चिमेला, विद्यापीठाच्या अंगाला, निम्मान हा भाग. मुक्कामवाले तिथे किंवा उत्तरेच्या सांतीथाममध्ये महिन्याच्या भाड्याने खोल्या घेतात. बिऱ्हाडवाले त्याही पलीकडे, हांग डोंग, सान साय, मे रिम अशा ठिकाणी कुंपणाच्या वसाहतींत बंगले घेऊन राहतात. ‘घेऊन’ हा शब्दही जपूनच वापरायचा. परदेशी माणसाला तिथे जमीन विकत घेता येत नाही. फ्लॅट घेता येतो, पण एका इमारतीतल्या एकूण क्षेत्रफळाच्या ४९ टक्क्यांपर्यंतच परदेशी मालकी चालते. मग कोणी ३० वर्षांचा भाडेपट्टा करतं, कोणी थाई बायकोच्या नावावर जमीन घेतं. त्या दुसऱ्या प्रकारात संसार मोडला की घरही हातचं जातं, आणि असे किस्से त्या गल्ल्यांत हवे तेवढे ऐकायला मिळतात.

परक्यांचं बिऱ्हाड या शहराला नवं नाही. डॅनियल मॅकगिल्व्हरी हा अमेरिकी मिशनरी १८६७ मध्ये बायकोमुलांसह इथे येऊन राहिला. मग सागवानवाले आले, आणि इथे एक धागा थेट मुंबईशी जुळतो. १८६३ मध्ये मुंबईत स्थापन झालेली बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन, आज वाडिया समूहात असलेली, उत्तर सयामच्या, म्हणजे तेव्हाच्या थायलंडच्या, जंगलांत साग तोडत होती. १८८४ मध्ये ब्रिटिशांनी इथे वकिलात उघडली. १८९८ मध्ये साहेबलोकांनी जिमखाना क्लब काढला. हा शब्द तिकडे आपल्याच मुलखातून गेला. डेक्कनवाल्या पुणेकराला चियांग माईत ‘जिमखाना’ची पाटी पाहून घरच्यासारखं वाटायला हरकत नाही. क्लबच्या शेजारीच परदेश्यांचं दफनस्थान आहे आणि त्यात व्हिक्टोरिया राणीचा पुतळा उभा आहे. तिथे आजही नवी नावं येतात. ती बिऱ्हाडवाल्यांची.

पर्यटनाने मात्र या शंभर-सव्वाशे वर्षांत पुष्कळ रंग बदलले. सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या पाठपिशवीवाल्यांना डोंगरातली करेन आणि ह्मोंग जमातींची गावं पायी पाहायची होती, हत्तीवर बसायचं होतं. पुढे हत्तीवर बसणं लाजिरवाणं ठरलं. सांगदुआन ‘लेक’ चायलर्ट यांच्या एलिफंट नेचर पार्कसारख्या ठिकाणी लोक हत्ती नुसता बघायला, त्याला खाऊ घालायला पैसे मोजू लागले. मग २०१२ मध्ये ‘लॉस्ट इन थायलंड’ हा चिनी विनोदी चित्रपट आला आणि चिन्यांची अशी रीघ लागली की चियांग माई विद्यापीठाला आवारात येणाऱ्या पर्यटकांवर बंधनं घालावी लागली. २०१९ मध्ये थायलंडला आलेल्या सुमारे ४ कोटी पाहुण्यांत १ कोटी १० लाख चिनी होते. कोविडच्या साथीनंतर गणित फिरलं. २०२४ मध्ये एकूण साडेतीन कोटी आले, त्यांत चिनी ६७ लाखांच्या आसपास आणि भारतीय २१ लाखांच्या. साथीने एक धडाही शिकवला: पर्यटकांच्या बस थांबल्या तेव्हा नाईट बाजार ओस पडला, पण महिन्याचं भाडं देणारे थोडे का होईना, शहरात होते. राहणाऱ्या परक्यांना बोलावण्याची सरकारला एवढी घाई का झाली, त्याचं निदान एक कारण मला यात दिसतं.

मराठी माणसाने एक गोष्ट मनाशी पक्की करावी. गोऱ्याला तिथे ‘फरांग’ म्हणतात, आपल्याला म्हणत नाहीत. भारतीय उपखंडातल्या माणसासाठी थाई भाषेत ‘खेक’ हा शब्द आहे. मूळ अर्थ पाहुणा. तो कधी प्रेमाने म्हटला जातो, कधी नाक मुरडून. म्हणजे गोऱ्या निवृत्ताला जो भाव मिळतो तोच आपल्याला मिळेल असं धरून चालू नये. माझ्या मते त्यात दुःख करण्यासारखंही फार नाही, भाषा थोडी शिकलात की शब्दाची धार बरीच बोथट होते.

एवढं सगळं वाचूनही कोण कोणता हे कळत नसेल, तर मार्चची वाट बघा.

फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत चियांग माईच्या खोऱ्यात धूर साचतो. मक्याचे धाट जाळले जातात, कोरडी जंगलं पेटतात, म्यानमार आणि लाओसकडूनही धूर येतो, आणि भोवतालच्या डोंगरांमुळे तो बशीत सांडलेल्या चहासारखा तिथेच राहतो. १,६७६ मीटर उंचीचा दोई सुथेप डोंगर शहराच्या अगदी उशाशी, पण त्या दिवसांत दिसेनासा होतो. हवेतल्या सूक्ष्म कणांची जागतिक आरोग्य संघटनेची २४ तासांची मर्यादा घनमीटरला १५ मायक्रोग्रॅम, थायलंडची ३७.५. मार्चमध्ये आकडा शंभराच्या वर गेला तरी शहराला नवल वाटत नाही, आणि जगातल्या सर्वांत प्रदूषित शहरांच्या रोजच्या यादीत चियांग माई कित्येकदा पहिलं आलेलं आहे. नागरिकांनी खटला भरला तेव्हा जानेवारी २०२४ मध्ये तिथल्या प्रशासकीय न्यायालयाने सरकारला ९० दिवसांत उपाययोजना करायला सांगितलं.

मुक्कामवाला फेब्रुवारीतच पिशवी भरतो. दा नांग, बाली, थायलंडचीच दक्षिणेची बेटं. त्याच्या १८० दिवसांना बाहेर पडायचंच होतं, धुराने फक्त तारीख ठरवली. निम्मानमध्ये खोल्या रिकाम्या होतात, भाव करता येतो. बिऱ्हाडवाला खिडक्यांच्या फटी चिकटपट्टीने बंद करतो, हवा शुद्ध करणारं यंत्र दिवसरात्र चालू ठेवतो आणि डॉक्टरची वेळ घेतो. जाणं त्यालाही शक्य असतं, पण कुत्रा असतो, बायकोची आई असते, मुदतवाढीची तारीख असते, परमिट काढायचं राहिलेलं असतं. म्हणून तुम्ही कोणता व्हिसा घ्यावा असं कोणी विचारलं, तर मी वय विचारत नाही. मार्चमध्ये कुठे असाल ते विचारतो.

आणि या हिशेबात न धरलेला तिसरा परदेशी शहरात असतोच. निम्मानमधले नवे मजले चढवणारे, हॉटेलांची अंथरुणं बदलणारे, स्वयंपाकघरात खाओ सोई या तिथल्या नूडल्सचा रस्सा ढवळणारे कितीतरी हात म्यानमारमधून आलेल्या शान लोकांचे आहेत. त्यांच्यातले काही वीस-वीस वर्षं इथे आहेत, मुलं थाई शाळेत शिकतात, तरी त्यांना कोणी एक्स्पॅट म्हणत नाही. धुराच्या त्याच दिवसांत, मार्चअखेर किंवा एप्रिलच्या सुरुवातीला, चांग फुएक वेशीजवळच्या वाट पा पाओ या त्यांच्या देवळात पोय सांग लोंग हा दीक्षेचा सोहळा होतो. लहान मुलांना राजपुत्रासारखं सजवतात, तोंडाला रंग, डोक्यावर फुलं, आणि बाप-मामा त्यांना खांद्यावर बसवून नाचतात. मुलांचे पाय जमिनीला लागू द्यायचे नसतात. तीन दिवसांनी ती मुलं श्रामणेर, म्हणजे बाल-भिक्खू, होतात आणि खांदे देणारे पुन्हा कामावर जातात.