ओतीव गोळी आणि नळीची जुळणी

ओतीव गोळी आणि नळीची जुळणी : जुन्या एकबारी निशाणी रायफलच्या विशिष्ट नळीला नेमकी बसेल अशी शिशाची गोळी घडवण्याची कला. एकबारी म्हणजे सिंगल-शॉट : एक काडतूस भरायचे, बार काढायचा, रिकामी पुंगळी काढून पुन्हा भरायचे. साधारण १८७० ते १९१४ या काळात जर्मन भाषक मुलखांत आणि तिथून अमेरिकेत गेलेल्या स्थलांतरितांच्या शुट्झेन, म्हणजे नेमबाजांच्या, मंडळांत ही कला फार पुढे गेली. रायफलवरचा किंवा काडतुसावरचा आकडा पाहून गोळी निवडणे म्हणजे जुळणी नव्हे. आकडा हे केवळ नाव असते. प्रत्येक नळी वेगळी असते आणि गोळीचे माप तिच्याकडूनच घ्यावे लागते.

पार्श्वभूमी : न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर १८७३मध्ये क्रीडमूर हे नेमबाजीचे मैदान सुरू झाले. पुढच्याच वर्षी तिथे अमेरिका व आयर्लंड यांच्यात ८००, ९०० आणि १,००० यार्डांवरचा सामना झाला. आयरिश संघाकडे तोंडाकडून भरायच्या रिग्बी रायफली होत्या, अमेरिकनांकडे मागून भरायच्या शार्प्स आणि रेमिंग्टन. अमेरिका ९३४ विरुद्ध ९३१ अशी अवघ्या तीन गुणांनी जिंकली. मागून भरायच्या रायफलीने अचूक नेम साधत नाही हा समज तिथून मागे पडू लागला.

शुट्झेन मंडळांचा खेळ याहून वेगळा होता. अंतर २०० यार्ड, म्हणजे सुमारे १८३ मीटर, आणि नेम उभ्याने, कशाचाही आधार न घेता. निशाणाच्या मधले २५ गुणांचे वर्तुळ दीड इंच व्यासाचे. हाताचा कंप जमेस धरला, तर रायफल आणि गोळी यांच्या चुकीला जागाच उरत नाही. म्हणून बॅलर्ड, स्टीव्हन्स आणि जॉन ब्राउनिंगच्या १८७९च्या पेटंटवरून घडलेली विंचेस्टर १८८५ या रायफलींवर हौशी नेमबाज खास कारागिरांकडून नळ्या बसवून घेत. पॉट्सव्हिलचे शाल्क, सिरॅक्यूझचे त्सिशांग, डेन्व्हरचे शॉयेन ही त्यांतली मोठी नावे. सर्वांत मोठे नाव हॅरी पोप (१८६१–१९५०) यांचे. प्रस्तुत लेखकाच्या मते, या कलेचे मर्म समजून घ्यायचे तर पोप यांच्या कामापासूनच सुरुवात करावी : त्यांच्या दुकानातून नळी घेणाऱ्याला तिच्याबरोबर तिच्याच मापाची गोळी ओतायचा साचाही मिळे. नळी आणि साचा ही त्यांच्या लेखी एकच वस्तू होती.

नळीचे माप : रायफलच्या नळीत आतून पिळाच्या खाचा कोरलेल्या असतात. दोन खाचांमधल्या उंचवट्याला कंगोरा म्हणू. समोरासमोरच्या कंगोऱ्यांमधले अंतर हा आतला व्यास आणि खाचेच्या तळापासून समोरच्या खाचेच्या तळापर्यंतचा तो बाहेरचा व्यास. शिशाच्या गोळीला यांतला बाहेरचा व्यास पुरता भरावा लागतो. तो भरला नाही तर पेटलेल्या दारूचा वायू गोळीच्या कडेने पुढे निसटतो, तिची कड कातरून नेतो आणि ते शिसे नळीच्या भिंतीला थापले जाते. नेमबाजांच्या बोलीत ही 'नळी शिसाळली'. शिसाळलेली नळी पुढच्या प्रत्येक बाराला वेगळी वागते.

माप घेण्याची जुनी रीत आजही तीच आहे. नळी स्वच्छ करून आत तेलाचा हात फिरवायचा. शुद्ध, मऊ शिशाचा खाचेपेक्षा किंचित जाड गोळा तोंडाशी ठेवून लाकडी किंवा पितळी गजाने हलक्या ठोक्यांनी आत लोटायचा. पहिल्या दोन ठोक्यांतच गोळ्याभोवती शिशाचे बारीक कडे कातरून बाहेर पडते. हे कडे अखंड निघाले, तर गोळ्याने खाचा पूर्ण भरल्या असे समजावे. मग गज हाताने दाबत पुढे न्यायचा आणि लक्ष सगळे बोटांवर ठेवायचे. कुठे गोळा सहज सरकतो, कुठे अडतो. चांगल्या जुन्या नळीत तो तोंडाकडे किंचित घट्ट लागतो. मध्येच मोकळा होऊन पुन्हा अडला, तर तिथे नळी झिजलेली तरी आहे किंवा गंजाने खाल्लेली तरी आहे. गोळा बाहेर आला की मायक्रोमीटरने मोजायचा. खाचांची संख्या विषम असेल, तर समोरासमोर दोन उंचवटे सापडत नाहीत. अशा वेळी व्ही आकाराच्या ठोकळ्याचा मायक्रोमीटर लागतो. साध्या मायक्रोमीटरने घेतलेले माप इथे खोटे निघते, आणि ही चूक फार जण करतात.

काडतूस बसते त्या कोठीचे माप वेगळे घ्यावे लागते. त्यासाठी बिस्मथयुक्त मिश्रधातू वापरतात. तो ७० ते ८८ अंश सेल्सियसला वितळतो, थंड होताना आधी आकसतो, मग हळूहळू फुगतो आणि ओतल्यापासून सुमारे तासाभराने कोठीच्या नेमक्या मापाला येतो. त्या तासापूर्वीचा आकडा टिपून ठेवू नये.

गोळी साधारणपणे खाचेच्या व्यासाहून एक ते दोन सहस्रांश इंच जाड ठेवतात. यंत्रशाळेतला माणूस याला 'एक-दोन थाउ' म्हणेल. एवढा फरक किरकोळ वाटतो, पण सगळे त्याच्यावर ठरते. .३८-५५ हे काडतूस घ्या. १८८०च्या दशकातल्या अनेक नळ्यांच्या खाचा ०.३७९–०.३८० इंचांच्या आसपास भरतात, तर पुढच्या काळात त्याच नावाने विकल्या गेलेल्या कारखानी गोळ्या ०.३७५ ते ०.३७७ इंचांच्या असतात. डब्यावरचा आकडा जुळला म्हणून त्या जुन्या नळीत घातल्या, तर गोळी खाचांपर्यंत पोचतच नाही. आणि मग दोष रायफलच्या माथी मारला जातो. जर्मनीतल्या ८.१५×४६ या शुट्झेन काडतुसाची गोष्ट तर याहून अवघड : नाव एक, पण नळ्यांची मापे कारागिरागणिक वेगळी.

धातू : गोळीचा धातू म्हणजे शिसे आणि कथील. कल्हईवाला तापलेल्या पातेल्यावर फिरवतो तेच हे कथील. ते शिशाला थोडे कडक करते आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे वितळलेल्या रसाला साच्याच्या कोपऱ्याकोपऱ्यांत जाऊ देते. धातूची कठिणता मोजायच्या ब्रिनेल मापात शुद्ध शिसे सुमारे ५ भरते. २० भाग शिशाला १ भाग कथील घातले की हा आकडा १०च्या जवळ जातो. जुने नेमबाज १:१६ ते १:४० या टप्प्यात आपापले प्रमाण ठरवत. ठरवण्यामागे कारण होते. काळ्या दारूचा धक्का जोरकस आणि एकदम येतो. पुरेशी मऊ गोळी त्या धक्क्याने बुडाशी फुगून खाचा भरते. जास्त कडक गोळी फुगत नाही. ती आधीच मापाची असावी लागते. अति मऊ गोळी मात्र नाकाशी वाकते. म्हणून धातू दारूप्रमाणे बदलतो आणि माप धातूप्रमाणे.

शिशात अँटिमनी हा धातू घालून केलेले कडक मिश्रण थंड होताना शुद्ध शिशापेक्षा कमी आकसते, त्यामुळे एकाच साच्यातून निघालेली कडक गोळी मऊ गोळीपेक्षा किंचित जाड भरते. जुना साचा नळीला अगदी थोडा कमी पडत असेल, तर साच्याला हात लावण्याआधी धातूचे प्रमाण बदलून पाहावे. साचा घासून मोठा करता येतो, पण एकदा मोठा झाला की परत लहान होत नाही. काही जण साच्याच्या दोन पाकळ्यांमध्ये उष्णता सोसणारी ॲल्युमिनियमची पातळ चिकटपट्टी लावून तात्पुरता व्यास वाढवतात. गोळी थोडी लांबट गोल होते, पण प्रयोगापुरते भागते.

ओतकाम : शिसे ३२७ अंशांना वितळते, कथील २३२ अंशांना. रसावर राखाडी मळी चढते. ती सारी फेकून देणे चुकीचे, कारण तिच्यात कथीलही असते. थोडे मेण टाकून ढवळले की कथील पुन्हा रसात उतरते. साचा थंड असेल तर गोळीवर सुरकुत्या येतात, फार तापला तर ती दुधी, दाणेदार दिसते. लखलखीत, टोकदार कडांची गोळी पडू लागली की हाताचा ठेका बदलायचा नाही : ओतणे, थांबणे, साच्यावरची पट्टी सरकवणे, गोळी मऊ कापडावर पाडणे. ठेका मोडला की वजन बदलते. शेवटी प्रत्येक गोळी काट्यावर तोलायची. हलकी भरली ती आतून पोकळ, ती पुन्हा भांड्यात. काम उघड्या हवेत करायचे आणि रसाजवळ पाण्याचा थेंबही येऊ द्यायचा नाही. पाण्याची क्षणात वाफ होऊन रस अंगावर उडतो.

सर्वांत जपायचे ते गोळीचे बूड. मॅसॅच्युसेट्समधल्या मिलफर्डचे डॉ. फ्रँकलिन मान यांनी अनेक वर्षे मुद्दाम खराब केलेल्या गोळ्या झाडून पाहिल्या आणि १९०९मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. नाक चेपलेली गोळी बऱ्याच अंशी सरळ जाते, बुडाची कड दुखावलेली जात नाही. तोंडातून गोळी सुटताना वायू बुडाच्या सगळ्या कडेने एकाच क्षणी बाहेर पडला पाहिजे. कड एका बाजूला कमी असेल तर वायू तिथून आधी निसटतो आणि गोळीला ढकलून वाकडी करतो.

पीळ आणि लांबी : व्यास जुळला तरी गोळीची लांबी पिळाला जुळावी लागते. इंग्लंडमध्ये जॉर्ज ग्रीनहिल यांनी १८७९मध्ये सोपे सूत्र दिले : व्यासाच्या वर्गाला १५०ने गुणून गोळीच्या लांबीने भागावे, की पिळाचा एक वेढा किती इंचांत हवा ते कळते. .३२-४० या काडतुसाच्या नळीत १६ इंचांत एक वेढा असतो. ०.३२ चा वर्ग ०.१०२४. त्याची १५०पट १५.३६. तिला १६ने भागले की ०.९६. म्हणजे या नळीत सुमारे ०.९६ इंचांपर्यंतची गोळी स्थिर राहते. १६५ ग्रेन, म्हणजे सुमारे १०.७ ग्रॅम, ही या काडतुसाची रूढ गोळी. त्याहून बरीच लांब गोळी घातली, तर निशाणाच्या कागदावर गोल भोकाऐवजी लांबट फाट दिसते.

भरण्याच्या रीती : पुंगळीत बसवलेली गोळी पुंगळीबरोबर थोडी तिरकीही बसू शकते. म्हणून निशाणी नेमबाज गोळी आणि पुंगळी वेगळी ठेवत. एका रीतीत तरफेच्या छोट्या हत्याराने गोळी मागून थेट नळीच्या खाचांत दाबतात आणि तिच्यामागे दारू भरलेली, डाट लावलेली पुंगळी सरकवतात. गोळीचे बूड खाचेहून जाड आणि पुढचा भाग आतल्या व्यासाइतका ठेवला की ती पहिल्यापासून सरळ रेषेत बसते. जुन्या कोठीच्या अरुंद गळ्यामुळे पुंगळीत न मावणारी जाड गोळीही या रीतीने वापरता येते. हौशी माणसाने जुनी नळी वापरायला घेतल्यावर आधी ही रीत शिकावी, असे आग्रहाने सांगावेसे वाटते.

दुसरी रीत पोप यांची. पुंगळी मागून, पण गोळी तोंडाकडून. मागून बसवलेल्या गोळीवर कंगोरे शिसे मागे ओढतात आणि बुडाच्या कडेला बारीक पाती निघतात. गोळी तोंडाकडून लोटली, की ती पाती नाकाकडे जातात आणि बूड गुळगुळीत राहते. तोंडाची कड दुखावू नये म्हणून खोटे तोंड लावत. नळी कोरण्याआधीच तिच्या टोकाचा तुकडा कापून, खिळ्यांनी पुन्हा जागेवर बसवून, दोन्हींत एकत्र खाचा कोरत. त्यामुळे तुकडा आणि नळी यांच्या खाचा तंतोतंत जुळत. गोळी भरून झाली की तुकडा काढून ठेवायचा. विसरून बार काढू नये म्हणून त्याच्यावर माशीच्या, म्हणजे नेम धरायच्या पुढच्या खुणेच्या, आड येणारी पट्टी असे. या युक्तीचे पेटंट १८४०मध्ये ॲल्व्हन क्लार्क यांनी घेतले होते. पुढे हेच क्लार्क दुर्बिणीची भिंगे घासण्यासाठी जगप्रसिद्ध झाले.

पोप यांच्या नळ्यांत डाव्या हाताचा पीळ, आठ खाचा आणि मागून तोंडाकडे वाढत जाणारा पीळ असे. १९०१मध्ये कोलोरॅडोतल्या बोल्डरचे सी. डब्ल्यू. रोलंड यांनी पोप यांच्या .३२-४० नळीतून, रायफल टेकूवर ठेवून, २०० यार्डांवर १० गोळ्या ०.७२५ इंचांत घातल्या. तांब्याचे आवरण नाही, आधुनिक दारू नाही. होती ती घरी ओतलेली गोळी आणि तिला जुळणारी नळी.

उतरण आणि आजची स्थिती : पहिल्या महायुद्धात अमेरिकेत जर्मन म्हणवणाऱ्या प्रत्येक गोष्टीवर रोष आला आणि शुट्झेन मंडळे झपाट्याने ओसरली. १९४८मध्ये अमेरिकन सिंगल शॉट रायफल असोसिएशन स्थापन झाली. तिचे सभासद आजही २०० यार्डांवर जुन्या आणि जुन्या धर्तीवर नव्याने घडवलेल्या रायफलींनी स्पर्धा करतात.

जुन्या रायफली आणि त्यांच्याबरोबरच्या साहित्याचे सर्वांत मोठे नुकसान गंजाने नव्हे, ताटातुटीने झाले आहे. मालक वारला, की रायफल एकाकडे जाते आणि साचा, गोळी बसवायची तरफ, खोटे तोंड हे किडुकमिडुक म्हणून दुसऱ्याकडे. खोटे तोंड तर त्याच नळीचा कापलेला तुकडा असते, ते दुसऱ्या कुठल्याही रायफलला लागत नाही. साचा हरवलेली नळी हाती आली, तर आधी गोळा लोटून दोन्ही व्यास घ्यावेत, कोठीचा ठसा घ्यावा, सळईवर घट्ट कापड गुंडाळून ती नळीतून ओढत एका वेढ्याला किती इंच लागतात ते मोजून पीळ ठरवावा आणि हे आकडे साचा कोरणाऱ्या कारागिराला द्यावेत. नवा साचा आला की पहिल्या वीस-पंचवीस गोळ्या झाडू नयेत. त्या मोजाव्यात, आणि त्यांतली एक गोळी मागून हाताने नळीत सरकवून पाहावी. नाकाचा भाग कंगोऱ्यांमध्ये अलगद शिरून बुडाच्या कड्याशी ठामपणे अडला, तर साचा नळीचा झाला.