लाइकमधला स्टार की पर्सेंट? थोडी पार्श्वभूमी

टेक्स्टबॉक्समध्ये दोन अक्षरं टाकली की खालच्या ग्रिडमध्ये तेवढेच रेकॉर्ड उरतात, हा फॉर्म व्हीबी सहा ही प्रोग्रॅमिंग भाषा आणि अ‍ॅक्सेस हा मायक्रोसॉफ्टचा डेटाबेस यांवर काम केलेल्यांपैकी बहुतेकांनी बनवलाय. आणि अ‍ॅक्सेसमध्ये धडाधड चालणारी क्वेरी (डेटा शोधायची आज्ञा) कोडमध्ये चिकटवली की शून्य रेकॉर्ड, वर एररसुद्धा नाही, हेही भोगलंय. गोची असते ती क्वेरीतल्या लाइक या शब्दाची: त्यापुढच्या पॅटर्नमध्ये 'इथे काहीही चालेल' सांगायला स्टार (*) लावायचा की पर्सेंट (%)?

स्टार आणि प्रश्नचिन्ह युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिममधले, फाइलींच्या नावांसाठीचे (स्टार म्हणजे कितीही अक्षरं, प्रश्नचिन्ह म्हणजे एकच), डॉसने ते सगळ्यांच्या हातात दिले. एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेने मात्र त्याच कामांसाठी पर्सेंट आणि अंडरस्कोर (_) घेतले. १९९२ मध्ये अ‍ॅक्सेस आलं ते स्टार घेऊन.

इथपर्यंत ठीक. पुढे कोडमधून डेटाबेसशी बोलायला एडीओ नावाची नवी लायब्ररी आली, तिला पर्सेंट लागतो, आधीच्या जुन्या डीएओ लायब्ररीला स्टार, म्हणजे फाइल तीच, टेबल तेच, पण कुठल्या दाराने आत शिरलात त्यावर उत्तर! त्यात एडीओच्या रेकॉर्डसेटचा (म्हणजे आणलेल्या रेकॉर्डांचा) फिल्टर दोन्ही चिन्हं चालवून घेतो, पण फक्त सुरुवातीला लावलेला स्टार त्याला चालत नाही. अ‍ॅक्सेस २००२ मध्ये कुठलं चिन्ह चालवायचं याचं डेटाबेसपुरतं सेटिंग दिलं आणि नावं काय, तर स्टारवाला मोड अ‍ॅन्सी-८९ आणि पर्सेंटवाला अ‍ॅन्सी-९२. अ‍ॅन्सी ही स्टँडर्ड ठरवणारी अमेरिकी संस्था, त्यामुळे ऐकणाऱ्याला वाटणारच की एसक्यूएलच्या ८९ च्या स्टँडर्डमध्ये स्टार होता. नव्हता हो! पर्सेंट आणि अंडरस्कोर १९८६ च्या पहिल्या स्टँडर्डपासून आहेत. आपल्या जुन्या सवयीला स्टँडर्डचं नाव चिकटवायचं हा प्रकार मला तेव्हाही पटला नव्हता. शिवाय मोड बदलला की जुन्या क्वेऱ्यांमधला स्टार साधं अक्षर होतो आणि त्या गुपचूप रिकाम्या येतात. दोन्ही मोडमध्ये पर्सेंटच मानणारा एलाइक नावाचा शब्द आहे, पण तो माहीत असलेली माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी.

आपल्याकडे याला फॉन्टचा तडका. अ‍ॅक्सेस २००० पासून युनिकोड (प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा कोड) आलं तरी कृतीदेव या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला डेटा तसाच राहिला, म्हणजे दिसायला मराठी पण आत साठवलेली इंग्रजी चिन्हं, आणि कृतीदेवमध्ये घ लिहायला प्रश्नचिन्ह आणि के, तर काना म्हणजे नुसता के. त्यामुळे स्टारवाल्या मोडमध्ये दोन्हीकडे स्टार लावून घरत शोधायला "घर" टाकलं की पवार, शेलार, सुतार सगळे हजर, कारण प्रश्नचिन्ह म्हणजे कुठलंही एक अक्षर आणि त्यापुढे काना आणि र या सगळ्यांतच आहेत. ख तर चौकटी कंसानेच सुरू होतो, लाइकला कंसाची जोडी लागते, इथे कंस उघडाच राहतो आणि पॅटर्न चुकीचा म्हणून एरर. उपाय एकच, शोधायच्या मजकुरातलं प्रत्येक प्रश्नचिन्ह आणि उघडा कंस आधी कोडमधून चौकटी कंसात घालायचा (कंसातलं चिन्ह साधं अक्षर धरलं जातं), मगच लाइकला द्यायचा.